पायाळू आत्याची लाथ

"मारा ना ओ आत्याबाई, मारा लात. तुमच्या पाया पडतो, पण मारा."

ठेकेदार ओरडत होता. म्हणजे असा ओरडत होता, की पांढुर्णा स्टेशनवर नागपूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांनी गाडी आली समजून पिशव्या उचलल्या असत्या. पण तेव्हा गाड्याच बंद होत्या आणि स्टेशनवर कुत्रंसुद्धा मास्क लावून बसलेलं.

आत्याबाईच्या फाटकाबाहेर, डांबरी रस्त्यावर, भर सकाळी हा देह पालथा पडला होता. शर्ट मानेपर्यंत गुंडाळलेला. अख्खा मोहल्ला आपापल्या गच्चीवरून त्याची पाठ पाहत होता, कारण लॉकडाऊनमध्ये पाहायला दुसरं काही शिल्लक नव्हतं. पाहण्यासारखी ती पाठ नव्हती. घामोळ्या, मळाच्या वळ्या, आदल्या दिवशी चोळलेल्या बामाला चिकटलेला गादीचा कापूस, आणि त्यावरून चालायचा प्रयत्न करणारी एक माशी. ती माशी दोनदा घसरली. शेवटी तीही कंटाळून निघून गेली.

फाटकाच्या आत आत्याबाई उभी होती. पदर नाकावर, पाय चपलेत.

"लाथ बंद आहे," ती म्हणाली.

"अवो, उसण भरली ना. श्वास घेता येऊन नाही राहिला."

"नको घेऊ. त्यानंच तं पसरते ते."

"मंग मी करू काय?"

"पहिले आंग धू. मंग घरी जाय. मंग दार लाव."

आणि ती आत गेली. तिनं दार लावलं, कडी घातली, आणि कडीला हात लागला म्हणून हात धुतल्याचा आवाज माझ्या घरात आला. आमची भिंत एकच होती. तिच्या घरातला कुकर माझ्या घरात शिट्टी द्यायचा.

आत्याबाई पायाळू होती. म्हणजे जन्मताना डोकं नव्हे, आधी पाय बाहेर आले. अशा माणसाची लाथ कमरेत बसली की भरलेली उसण निघून जाते, ही आमच्याकडची जुनी समजूत. डॉक्टर लोक यावर हसतात, पण हसताना स्वतःच्या कमरेत भरली की गाडी दूरवर उभी करून, तोंडाला रुमाल बांधून येतात, हे मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. एकदा सौसरहून एक मास्तर काटकोनात वाकून आले. आत्याबाईनं लाथा घातल्या. मास्तर इतके सरळ झाले, की घरी परतल्यावर आपल्याच दाराच्या चौकटीला त्यांचं कपाळ फुटलं. त्या दारातून आधी ते सहज जात असत. आणि माझा बंद पडलेला कूलर तिनं एका दुपारी वाटेत आला म्हणून रागानं लाथाडला, तो तेव्हापासून वीज गेली तरी चालतो. खोटं वाटत असेल तर उन्हाळ्यात या.

पायाळू माणसावर वीज पडते असंही म्हणतात. त्यामुळे आभाळ गडगडलं की आत्याबाईला घरात कोंडून घेतलं जायचं, आणि शेजारी म्हणून आम्हीही उगाच सासुरवाडीला जाऊन यायचो. संत्र्याच्या बगीच्यात ढगाळ दिवशी तिला कोणी जेवायलासुद्धा बोलावत नसे. "मी काय विजेचा खांब होय का?" असं ती विचारायची, आणि लोक प्रामाणिकपणे हो म्हणायचे.

तिचा खरा विशेष लाथ हा नव्हताच. लाथ जन्मानं आलेली. तिची स्वतःची कमाई म्हणजे किळस. जगातल्या एकूण किळसेपैकी निम्मी तिच्याकडे होती आणि उरलेली ती वेळोवेळी उसनी आणायची. लोकांच्या पाठीला पाय लावणं हे जिचं जन्माचं काम, तिला लोकांच्या पाठींची मनापासून घाण वाटावी, यात देवाचा काहीतरी खट्याळपणा असणार. कोणी ओट्यावर पालथा पडला की आधी ती लांबून पाहणी करायची. "ही पाठ आहे का तव्याचं बूड?" "अरे, साबण नावाची वस्तू पांढुर्ण्यात येत नाही काय?" कोणी म्हणालं, मला दिसत नाही ना आत्याबाई, पाठ माझ्या मागं आहे, तर तिचं उत्तर ठरलेलं: "तुह्या मागं आहे, बाप्पा. पण आमच्या पुढं आहे." मग त्याला ओट्यावरून उठवून नळाखाली बसवायची. वाकलेला माणूस नळाखाली वाकूनच आंघोळ करायचा, तसाच परत येऊन पडायचा आणि तेव्हा कुठं लाथ मिळायची. लाथ मारून झाली की पाय फिनाईलच्या पाण्यात. हे सगळं कोरोनाच्या कितीतरी आधीचं. सरकारनं हात धुवा म्हटलं तेव्हा आत्याबाईला वाटलं, उशिरा का होईना, कोणीतरी तिचं ऐकलं.

आणि लाथ म्हणताना ती 'थ' नीट म्हणायची. आमच्या इकडे हिंदीच्या संगतीनं सगळे 'लात' म्हणतात. ती चिडायची. "लात मारली तं उसण हलत नाही. त्याले 'थ' लागते."

पांढुर्णा मध्यप्रदेशात, म्हणून आमच्याकडे घरात मराठी, पाटीवर हिंदी आणि भांडणात दोन्ही, असा कारभार आहे. आत्याबाई जन्मानं इथलीच, पण लग्न होऊन महाराष्ट्रात, वरुडकडे गेली आणि सारं वय तिकडं गेलं. नवरा वारल्यावर भावाकडे परत आली तोवर तिचं कान-डोळे पक्के मराठी झाले होते. आल्याआल्या तिनं एका शाळेच्या भिंतीवर 'शिक्षा का मंदिर' असं रंगवलेलं वाचलं आणि भावाला विचारलं, "पोट्ट्यायनं असं काय केलं, बाप्पा?" बसस्टँडवर 'स्वच्छता रखने की चेष्टा करें' अशी पाटी होती, आणि पाटीखाली भिंतभर पानाच्या पिचकाऱ्या. आत्याबाईनं पाटी वाचली, पिचकाऱ्या पाहिल्या आणि म्हणाली, "करूनच तं राहिले चेष्टा." आम्ही समजावलं की हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. तिला पटलं नाही. "शब्द माहा आहे. अर्थ त्यायचा कसा होईन?"

आम्ही पोट धरधरून हसायचो. तो शब्दांचा विनोद आहे, असं आम्हाला वाटायचं.

तिच्या भावाला सगळा मोहल्ला नुसतं भाऊ म्हणायचा. ती धाकटी, तीही भाऊच म्हणायची. तो तिला सुले म्हणायचा. भाऊनं उभा जन्म जिनिंगमध्ये काढला होता, कापसाच्या तुसात. त्यामुळे त्याच्या छातीतून सतत एक बारीक शिट्टी वाजायची, आणि ती ऐकून घरातली मांजर उंदीर समजून त्याच्या छातीवर बसायची. हे थोडं वाढवून सांगतोय, पण शिट्टी खरी होती. लाथेच्या धंद्यात भाऊचं काम ठरलेलं. आत्याबाईची शेवटची लाथ बसली की भाऊ पुढं व्हायचा, पडलेल्याचे दोन्ही हात धरून त्याला उठवायचा आणि छातीशी कवटाळून एक झटका द्यायचा. "झालं? मोकळं वाटते?" असं त्याच्या कानात विचारायचा. लोकांना लाथेनं बरं वाटायचं की भाऊच्या मिठीनं, हे मला आजही सांगता येत नाही. पण आत्याबाई पायानं ज्याला झिडकारायची, त्याला भाऊ हातानं उचलायचा, असा त्या ओट्याचा हिशेब होता.

म्हणून कोरोना आला तेव्हा सगळ्यात आधी लाथ बंद झाली. सरकारचा हुकूम यायच्याही आधी. मोहल्ल्याला वाटलं, हिला निमित्तच पाहिजे होतं, पाठींपासून सुटली. तीही सगळ्यांना तेच सांगायची: "घाण वाटते मले. पहिलेच वाटत होती, आता सर्टिफिकेट भेटलं." खरं काय ते मी भिंतीतून ऐकलं होतं.

"सुले, कर ना सुरू," भाऊ म्हणत होता. "माणूस पाहून किती दिवस झाले."

"मी काय माणूस नाही?"

"तू बहीण होय."

"तुह्या छातीत जागा आहे का आजाराले? पहिलेच कापूस भरेल आहे."

मग बराच वेळ फक्त शिट्टी.

मोहल्ल्यानं उपाय काढले. ठेकेदाराचा मेंदू त्यात सगळ्यात पुढं. हा माणूस नाल्या बांधायचा, आणि त्यानं बांधलेली नाली पाणी नेत नसे, पाणी आणत असे. त्यानं एक लांब बांबू आणला, त्याच्या टोकाला आत्याबाईची जुनी चप्पल तारेनं बांधली, आणि बांबू फाटकातून आत सरकवून म्हणाला, "तुम्ही तिकडून ढकला, मी इकडं पडतो. दोन गज अंतर राहते." आत्याबाईनं खरंच एकदा ढकलला. चप्पल ठेकेदाराच्या पाठीवर चापकन बसली आणि तिथंच चिकटली. तार सुटली, बांबू मोकळा परत आला. उसण जागची हलली नाही.

"असं काहून झालं?" ठेकेदारानं विचारलं.

"चपलेचा जन्म सरळ झाला असन," आत्याबाई म्हणाली. आणि ती चप्पल तिनं परत घेतली नाही.

पुढं पहिली लाट ओसरली. हुकूम सैल झाले. केस कापा, दाढ्या करा, बांगड्या भरा, असं वरून केव्हाच सुटलं होतं, पण मोहल्ला भ्यालेला. मनोहर न्हाव्याचं सलून उघडं असून रिकामं. तो रोज सकाळी आरशासमोर बसून स्वतःचीच दाढी करायचा, हात विसरू नये म्हणून, आणि संध्याकाळी पुन्हा करायचा. त्याच्या गालांची सालं निघायला आली होती. लोक त्याला एकच सांगायचे. ज्या दिवशी आत्याबाई परक्या पाठीला पाय लावेल, त्या दिवशी समजू कोरोना गेला. एवढी घाण-घाण करणारी बाई तयार झाली, म्हणजे आपल्याला भ्यायचं कारण नाही. असं मोहल्ल्यानं ठरवून टाकलं, तिला न विचारता. मनोहर तिच्या फाटकापाशी येऊन उभा राहिला.

"आत्याबाई, माह्या खुर्चीवर मांजरीनं पिल्लं घातले," तो म्हणाला. "तुम्ही एक लाथ मारा. माहं दुकान सुरू होते."

"तुले मारू?"

"मलेच मारा. पण मारा."

आत्याबाईनं त्या दिवशी दार लावलं नाही. उघड्या दारात बराच वेळ बसून राहिली. घरात भाऊची शिट्टी, बाहेर मनोहरचे सोललेले गाल. तिच्यावर कोणी उपकार केले नव्हते, तिला कोणाचं देणं नव्हतं, पण आपल्या पायापायी एका माणसाची खुर्ची मांजरीकडे जावी हे तिला खुपत असावं.

याच सुमारास ठेकेदारानं मोहल्ला सुरक्षा समिती काढली आणि तो तिचा अध्यक्ष झाला. त्याला अध्यक्ष कोणी केलं, याची चौकशी अजून चालू आहे. समितीनं बसून ठराव केला आणि शुद्ध हिंदीत लिहून विजेच्या खांबावर चिकटवला: 'यदि मोहल्ले में किसी को आपत्ति न हो, तो स्पर्श वाली सेवाएँ प्रारंभ की जा सकती हैं।'

हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत. कोणाची हरकत नसेल तर सुरू करा, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही तो तसाच वाचला आणि पुढं गेलो. आत्याबाई चष्मा लावून खांबापाशी गेली, पदर नाकावर धरून तिनं एकेक अक्षर वाचलं आणि पहिल्यांदाच हिंदीवर खूश होऊन परतली. "शहाणपणाचं लिहिलं यायनं," ती भाऊला म्हणाली. "कोणावर आपत्ती नसन तं सुरू करा. बरोबर आहे. पण विचारावं तं लागन ना घरोघरी."

कोणावर आपत्ती. म्हणजे कोणाच्या घरी आजारपण, कोणी तापानं पडलेलं. ही गोष्ट तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरली नाही. ज्यानं हिंदीत लिहिलं त्यानं परवानगी मागितली होती. हिनं मराठीत वाचलं आणि तिला त्यात काळजी दिसली.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. प्रत्येक घराच्या फाटकापासून चार हात लांब उभी राहून विचारायची, "तुमच्या इथं काही आपत्ती?" लोक हसत सांगायचे, "नाही ओ आत्याबाई, आपली कायची आपत्ती." मी म्हणालो, "तुमच्या लाथेले कोणाची आपत्ती असन?" तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, एखाद्या अर्धवट माणसाकडे पाहावं तसं, आणि पुन्हा विचारलं, "आहे का नाही, थे सांग." मी नाही म्हणालो. माझ्याकडे कोणत्याच भाषेतली नव्हती.

शेवटचं घर ठेकेदाराचं. तो पोर्चमध्ये झोपाळ्यावर बसला होता. मागच्या खोलीत त्याचा थोरला मुलगा, नुकताच नागपूरहून आलेला, तापानं फणफणत पडला होता. खिडकीला आतून चादर, दाराबाहेर जेवणाचं ताट. हे आम्हाला नंतर कळलं, त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईकडून. तिला काम गेल्याशिवाय तोंड उघडता आलं नाही.

"घरात काही आपत्ती?" आत्याबाईनं विचारलं. मी मागं रस्त्यावर होतो, तमाशा पाहायला.

ठेकेदारानं झोपाळा थांबवला. या माणसाला दोन्ही भाषा येत होत्या. ज्या दुकानात जी चालते ती तो खिशातून काढायचा. तिला काय विचारायचं आहे हे त्याला कळलं होतं. ते त्याच्या थांबलेल्या झोपाळ्यावरून मला आज दिसतं.

"आपली काही आपत्ती नाही, आत्याबाई."

"पाहून सांग."

"पाहूनच सांगून राहिलो."

झोपाळा पुन्हा सुरू झाला.

पुढच्या सकाळी लाथ सुरू झाली. ओट्यावर धुतलेलं तरट, बाजूला फिनाईलची बादली, आणि मोहल्ला मास्क हनुवटीला अडकवून जमलेला. पहिला मान अध्यक्षांचा. "कमरेचं सोडा, पूरं आंग ठणकून राहिलं," असं म्हणत ठेकेदार पालथा झाला. आंग धुतलं का, हे आत्याबाईनं विचारलं आणि या वेळी ते खरोखर धुतलेलं होतं. पाठीवर पावडरसुद्धा होती. इतक्या महिन्यांनी पाय उचलताना तिचा तोल गेला, तिनं भिंत धरली, डोळे मिटले, आणि लाथा घातल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनोहर तर रडलाच.

मग भाऊ पुढं झाला. त्यानं कित्येक महिने बहिणीशिवाय कोणाला हात लावला नव्हता. त्यानं ठेकेदाराला दोन्ही हातांनी उठवलं, छातीशी घट्ट धरलं, झटका दिला आणि सोडायचं विसरला. ठेकेदार त्याच्या खांद्यावर खोकला. जाड, ओला, पोटातून आलेला खोकला. खोकून झाल्यावर त्यानं भाऊच्या गळ्यातल्या गमछ्याला तोंड पुसलं आणि गमछा नीट परत ठेवला.

मी आयुष्यात पुष्कळ घाण पाहिली आहे. ठेकेदारानं बांधलेल्या नालीशेजारी राहतो. पण तोंड पुसलेला तो गमछा, आणि तो पुन्हा खांद्यावर नीट लावणारा तो हात आठवला की मी उठून हात धुऊन येतो.

"झालं? मोकळं वाटते?" भाऊनं विचारलं.

"एकदम," ठेकेदार म्हणाला.

मनोहरनं त्याच दुपारी मांजरीला पिल्लांसकट बाहेर काढलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या दुकानासमोर रांग होती.

भाऊची शिट्टी आधी जाड झाली, मग तिच्यात खरखर आली, मग एका पहाटे ती भिंतीतून ऐकू येईनाशी झाली आणि आत्याबाई भिंत बडवू लागली. त्याला नागपूरला नेलं. आम्ही गाडीपर्यंत गेलो. त्याच सुमारास ठेकेदाराचा मुलगाही नागपूरला गेला, घरच्या मोठ्या गाडीत, पुढच्या सीटवर, आणि काही दिवसांनी बरा होऊन परत आला, हातात मिठाईचा डबा घेऊन. भाऊ परत आला नाही. त्याचं सगळं तिकडंच झालं. आत्याबाईला फोनवर सांगितलं. फोन ठेवून तिनं ओटा धुवायला घेतला. रोज धुवायची. फिनाईल संपलं की नुसत्या पाण्यानं.

एका दुपारी तिनं मला फाटकापाशी थांबवलं.

"हिंदीत आपत्ती म्हणजे काय रे?"

"हरकत," मी म्हणालो.

"म्हणजे मले सगळ्यायनं हरकत नाही म्हटलं."

"हाव."

"आन् मी समजली, कोणी बिमार नाही." तिनं ओट्यावरचं पाणी झाडूनं ढकललं. "अक्षर तं तेच आहे ना. वाचता येते मले, म्हणून वाचलं."

मी तिथून निघालो तो थेट मनोहरच्या सलूनमध्ये. ठेकेदार खुर्चीवर होता, गळ्याभोवती कापड, तोंडाला फेस. मी त्याला विचारलं, पोरगा मागच्या खोलीत तापानं पडला असताना तू तिला आपत्ती नाही म्हणालास?

त्यानं आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. फेसाच्या मधून ओठ हलले. "मी कुठं खोटं बोललो? तिनं आपत्ती विचारली. माही आपत्ती नव्हती. लाथ सुरू करा, असंच माहं पहिल्यापासून म्हणणं होतं. विचार कोणालेही."

"तिले काय म्हणायचं होतं थे तुले माहीत होतं."

"आता तिले हिंदी येत नाही, तं त्याले मी काय करू?"

मनोहरचा वस्तरा त्याच्या गळ्याजवळ थांबला. मग मनोहरनं दाढी पूर्ण केली, दुसरा हातही मारला, तुरटी लावली, गालावर थापट्या दिल्या. तोही काय करणार. त्या खुर्चीवर पुन्हा मांजर बसू द्यायची त्याची तयारी नव्हती. मला तेव्हा मनोहरचीही किळस आली, दुकानाचीही आली, आणि मग लक्षात आलं की ही आत्याबाईची किळस आहे, तिच्याकडून माझ्याकडे कधी आली कळलं नाही. ती अजून गेलेली नाही. आता कोणी 'माझी हरकत नाही' म्हणालं, की मी आधी त्याच्या घराच्या मागच्या खिडकीकडे पाहतो.

आत्याबाईनं त्यानंतर मोहल्ल्यात कोणालाही लाथ मारली नाही. दुसरी लाट आली, गेली, लसी झाल्या, स्टेशनवर गाड्या थांबू लागल्या, मास्क कूलर पुसायला वापरले जाऊ लागले. पुढं रामाकोन्याच्या तिच्या भाचीनं तिला आपल्याकडं न्यायचं ठरवलं. ती अजून तिथंच आहे. तिथं पाय चालतो की नाही, विचारलं तर सांगत नाही.

ती गेली त्या सकाळी भाचीनं पाठवलेला छोटा हत्ती टेम्पो फाटकापाशी उभा होता. सामान फारसं नव्हतं. तरट, बादली, भाऊची खाट. भाऊची खाट मी आणि मनोहरनं मिळून चढवली. आत्याबाई ड्रायव्हरशेजारी बसली, पाय आत घेऊन, पदर नाकावर.

तेवढ्यात कोपऱ्यावरून ठेकेदार आला. काटकोनात. एक हात कमरेवर, दुसरा गुडघ्यावर. जामसावळीच्या मारुतीला नारळ फोडून आलो, नागपूरचे डॉक्टर झाले, मालिश झाली, काही फरक नाही, असं तो लांबूनच ओरडत होता. येऊन तो गाडीच्या पुढं, भर रस्त्यात पालथा पडला आणि स्वतःच्या हातानं शर्ट वर केला. पाठ स्वच्छ होती. साबणाचा वास गाडीपर्यंत आला.

"एक शेवटची मारून जा, आत्याबाई," तो म्हणाला. "आता तं सगळं खुल्लं झालं. आता काही आपत्ती आहे का तुम्हाले?"

आत्याबाईनं पदर नाकावरून खाली घेतला.

"हाव," ती म्हणाली. "मले आपत्ती आहे."